कधी सोने बोलते, कधी नुसती माती

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर नावाचे एक आडबाजूचे गाव आहे. १९८० साली केव्हिन हिलियर नावाचे गृहस्थ या गावाजवळच्या माळावर मेटल डिटेक्टर घेऊन हिंडत होते. यंत्र वाजले, त्यांनी खणायला घेतले आणि जेमतेम फूटभर खोलीवर मातीत उभी रुतून बसलेली सोन्याची ढेप हाती लागली. वजन भरले २७ किलोंपेक्षा थोडे जास्त. आपल्या सराफी हिशेबाने सुमारे २,३३० तोळे! 'हँड ऑफ फेथ', म्हणजे श्रद्धेचा हात, असे तिचे नाव पडले. लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोने ती दहा लाखांहून अधिक डॉलर मोजून विकत घेतली. डिटेक्टरने शोधलेली याहून मोठी ढेप आजवर सापडलेली नाही.

हा मुलूखच मोठा नशीबवान. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडल्याची वार्ता पसरली आणि जगभरातून माणसांचे लोंढे बॅलारॅट, बेंडिगोकडे धावले. १८६९ च्या फेब्रुवारीत मोलियागुल या गावी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळांपाशी, बोटभर मातीखाली, 'वेलकम स्ट्रेंजर' नावाने प्रसिद्ध झालेली ढेप मिळाली. तिच्यातले निव्वळ सोनेच सुमारे ७२ किलो होते. जवळच्या डनॉली गावात तिला पेलेल असा तराजू नव्हता. शेवटी लोहाराच्या ऐरणीवर तिचे तुकडे केले आणि मगच वजन केले.

अशा कथा ऐकल्या की वाटते, डिटेक्टर खांद्याला लावावा, माळावर जावे आणि यंत्र वाजेल तिथे खणावे. इतके सोपे ते काम आहे! पण हौसेने पहिल्यांदा तिथे जाणाऱ्याला तासाभरातच कळते, की यंत्र वाजत नाही ही अडचण नव्हेच. ते सारखे वाजते ही खरी अडचण. चार पावले टाकली की 'कुँई', दगडावरून नेले की 'घुर्र', खड्ड्याच्या काठावर 'हूँ'. यातला सोन्याचा आवाज कोणता आणि नुसत्या मातीचा कोणता, हे ओळखणे म्हणजेच डिटेक्टरने सोने शोधण्याची विद्या.

माती का वाजते?

डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला थाळीसारखी चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलती वीज सोडली, की खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते. वाटेत धातूचा तुकडा आला तर त्यात विजेचे लहानलहान भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र परत वेटोळ्याकडे येते. यंत्र हा प्रतिसाद पकडून कानातल्या हेडफोनला देते. धातू म्हणजे सोनेच असे नाही. शिसे, तांबे, बुटाचा खिळा, बाटलीचे बूच, सगळ्यांत असे भोवरे उठतात.

माती गप्प बसली असती तर काम एवढ्यावरच भागले असते. पण सोन्याच्या मुलखातली माती बहुधा लाल असते आणि लाल मातीत लोखंडाचे क्षार ठासून भरलेले असतात. आपल्याकडची मुले वाळूच्या ढिगाऱ्यात लोहचुंबक फिरवतात आणि त्याला काळ्या कणांची दाढी फुटते, तो खेळ आठवा. हे कण बहुतांशी मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे. आपल्या कोकणातला जांभा आणि व्हिक्टोरियाची लाल जमीन यांचे घराणे एक नसले तरी लोखंडाचे वेड दोघांनाही आहे. डिटेक्टरची चकती अशा जमिनीवरून गेली की हे असंख्य कण चुंबकासारखे वागू लागतात आणि त्यांचाही प्रतिसाद वर येतो. एका कणाचा प्रतिसाद नगण्य. पण चकतीखाली असे कोट्यवधी कण असतात. उलट आपण शोधतो तो सोन्याचा खडा किती मोठा? एक ग्रॅम सोन्याचा गोल खडा केला तर त्याचा व्यास भरतो साडेचार मिलिमीटर, तुरीच्या दाण्याहूनही लहान. भरल्या बाजारात कोणी कुजबुजावे आणि आपण ते ऐकावे, तसा हा प्रकार.

बरे, सारे कण सारखे वागले असते तरी बरे होते. मॅग्नेटाइटचे जाडसर कण चुंबकीय क्षेत्र बदलताच त्याच क्षणी बदलतात. त्यांना ओळखणे सोपे. पण मॅगेमाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण किंचित उशिराने बदलतात, आणि उशिरा येणारा प्रतिसाद ही तर धातूची खूण! जंगलात वणवा लागून गेला की मातीतल्या साध्या लोहखनिजाचे रूपांतर मॅगेमाइटमध्ये होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या निलगिरीच्या रानांत वणव्यांना काय तोटा? म्हणजे यंत्राला चकवणारी माती निसर्ग तिथे जणू भट्टी लावून तयार करतो.

आवाज वजा करताना

मातीचा गोंगाट कमी करण्याची युक्ती प्रत्येक डिटेक्टरमध्ये असते. तिला 'ग्राउंड बॅलन्स' म्हणतात. धातू नसलेली स्वच्छ जागा पाहून चकती वरखाली हलवायची, मातीचा प्रतिसाद यंत्राला ओळखू द्यायचा आणि मग यंत्राने तेवढा प्रतिसाद वजा करून बाकीचा ऐकवायचा. भांड्यासकट वजन करून भांड्याचे वजन वजा करावे, तसेच. फरक इतकाच की इथे भांडे दर दहा पावलांवर बदलते. एका झाडाखाली माती तांबडी, पलीकडे पिवळसर, ओढ्याच्या काठी गारगोट्यांची. म्हणून जाणकार माणूस दिवसातून अनेकदा हे जमवून घेतो. यंत्रे आता ते आपोआपही करतात.

या क्षेत्रातला मोठा बदल ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या एसडी २००० या यंत्राने घडवला. त्यामागचे डोके ब्रूस कँडी या भौतिकशास्त्रज्ञाचे. यात वीज सतत सोडत नाहीत. ठोका दिल्यासारखी सोडतात, एकदम बंद करतात आणि मग नुसते ऐकतात. देवळातली घंटा वाजवून हात काढून घेतला की तिचा नाद काही क्षण घुमतो. घंटा लहान असेल तर नाद लवकर विरतो, मोठी असेल तर रेंगाळतो. धातूतले विजेचे भोवरे असेच विरतात. मातीचा प्रतिसादही विरतो, पण त्याची विरण्याची चाल वेगळी असते. कँडी यांनी लहान आणि लांब असे वेगवेगळे ठोके देऊन या दोन चालींची तुलना करण्याची सोय केली. जुन्या यंत्रांनी पालथ्या घातलेल्या, संपल्या म्हणून सोडून दिलेल्या जमिनींतून त्यानंतर पुन्हा सोने निघाले.

पण यातही एक मेख आहे. मातीचा आवाज वजा करताना, मातीसारख्याच चालीने विरणारा सोन्याचा आवाजही थोडा वजा होतो. गोंगाट पूर्ण पुसला की यंत्र शांत आणि छान चालते. मात्र काही सोने त्या शांततेत गडप होते. गोंगाट राहू दिला तर सोने ऐकू येण्याची शक्यता राहते, पण कान किटतात. धातूची जात सांगणाऱ्या काट्याचेही तेच. लोहयुक्त जमिनीत सोन्याचा लहान खडा असला की काटा बेधडक 'लोखंड' म्हणून दाखवतो. त्यामुळे सोने शोधणारे मुरलेले लोक काट्यावर विसंबत नाहीत. ते यंत्राची मंद गुणगुण कानात चालू ठेवतात आणि त्या गुणगुणीतला लहानसा चढ, उतार किंवा खंड टिपतात.

उलटतपासणी

आवाज आला. आता तो खरा की खोटा? कसलेला शोधक लगेच कुदळ उचलत नाही. वकील साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, तशी तो आवाजाची घेतो.

पहिला प्रश्न: चकती स्थिर धरली तरी आवाज चालूच आहे का? असेल तर तो जमिनीतला नव्हेच. जवळची विजेची लाइन, दूरवर चमकणारी वीज, पन्नास पावलांवर चाललेला दुसऱ्याचा डिटेक्टर, असे काहीतरी हवेतून येते आहे. माती आणि धातू दोन्ही चकती हलली की बोलतात.

दुसरा प्रश्न: पुन्हा तेच सांगतोस का? चकती सावकाश, जमिनीला समांतर, डावीकडून उजवीकडे न्यायची आणि तशीच परत आणायची. दोन्ही वेळा आवाज त्याच जागी आला पाहिजे. मग आपण स्वतः काटकोनात वळून उभे राहायचे आणि आडवे उभे तपासायचे. धातूचा तुकडा चारी बाजूंनी साधारण एकाच ठिकाणी बोट दाखवतो. मातीचा आवाज बहुधा एका दिशेने येतो, दुसरीने येत नाही. आला तर हातभर सरकतो किंवा पसरट, अस्पष्ट होतो.

तिसरा प्रश्न: लांब गेलो तर? चकती हळूहळू वर उचलायची. मातीचा आवाज थोड्याशा उंचीवर चटकन पडतो. धातूचा मात्र पायरीपायरीने मंद होत जातो.

चौथा प्रश्न बुटाच्या टाचेने विचारतात. वरची बोटभर माती टाचेने खरवडून बाजूला करायची आणि चकती पुन्हा फिरवायची. खाली धातू असेल तर आपण त्याच्या जवळ गेलो. आवाज मोठा आणि रेखीव झाला पाहिजे. मातीचाच आवाज असेल तर तो विस्कटतो, नाहीसा होतो किंवा खरवडलेल्या मातीबरोबर बाजूला जातो. या एका परीक्षेवर निम्मी खोटी प्रकरणे निकालात निघतात असे अनुभवी लोक मानतात.

पाचवा साक्षीदार दगड. लोहाने संपृक्त झालेले काही दगड थेट धातूसारखे वाजतात. तिकडचे शोधक त्यांना 'हॉट रॉक', म्हणजे तापलेले दगड, म्हणतात. असा दगड उचलून बाजूला ठेवला की आवाजही त्याच्याबरोबर जातो. आजूबाजूचे तसेच दोनचार दगड चकतीखाली धरून पाहिले की त्यांचा सूर ओळखीचा होतो.

एवढ्यातून पार झाले की मग कुदळ. खणलेल्या ढिगाऱ्यातून ओंजळभर माती चकतीवर धरायची. वाजली नाही तर टाकायची, वाजली तर ती निम्मी करायची, पुन्हा निम्मी, असे करत शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते आणि तिच्यात बहुधा शिकाऱ्याच्या बंदुकीतला शिशाचा छर्रा निघतो. शिसे आणि सोने यांत यंत्र जवळजवळ काहीच फरक करत नाही. लोखंडाचे कण निदान चुंबकाला चिकटतात, शिसे तेही करत नाही. तिथे शेवटची कसोटी नजरेची, वजनाची आणि रंगाची.

आपल्याकडे ही शेवटची कसोटी कोणी कुणाला शिकवायला नको. सोनारांच्या पेढ्यांपुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी समाज महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या हेच करत आला. सोने मातीच्या सातआठ पट जड. पाण्यात हलकी माती वाहून जाते, जड सोने परातीच्या तळाशी राहते. झारेकऱ्याजवळ यंत्र नव्हते, पण पारख तीच.

कान आणि मन

या परीक्षांनाही अपवाद आहेत, आणि नेमके तेच महागात पडतात. खोलवरच्या मोठ्या ढेपेचा आवाज रेखीव नसतो. तो रुंद, मऊ, लांबून आल्यासारखा असतो, अगदी मातीच्या आवाजासारखा. जुन्या खड्ड्याच्या काठावरही असाच आवाज येतो, कारण तिथे चकतीखालची माती एकाएकी कमी होते. म्हणून मुरलेली माणसे एक साधा नियम पाळतात: शंका आली तर खणा. दहा वेळा माती निघेल. पण मातीचा आवाज कसा असतो हे त्या दहा खड्ड्यांतूनच शिकता येते.

सकाळी हा नियम पाळणे सोपे असते. उन्हात तीन तास गेले, खिशात सहा छर्रे आणि दोन खिळे जमले, की कान आपोआप निकाल देऊ लागतो: 'सोड रे, माती आहे.' हा दोष आळसाचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर डोळे लावून बसणाऱ्या सैनिकांच्या चुका वाढत, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा क्वचित कधी दुप्पट उडी मारी. ती उडी टिपायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे अधिक उड्या हुकवू लागली, असे त्याने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दाखवले. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहताना लक्ष ओसरते, ते असे. आणि आशेचा घोटाळा याच्या उलट. मनात सोने असले की नुसती मातीही गोड वाजते.

म्हणून पुष्कळ शोधक दिवसाच्या सुरुवातीला शिशाचा किंवा सोन्याचा एक लहान तुकडा तिथल्याच मातीत वीतभर पुरतात आणि त्यावरून चकती फिरवून आज, या जमिनीत, खरा आवाज कसा येतो हे कानाला ऐकवतात. गवयाने आधी तानपुरा जुळवून घ्यावा तसे. कान थकला की बसून चहा घेतात. यंत्राची बॅटरी दिवसभर टिकते, कानाची टिकत नाही.

गोंगाटातून जन्मलेले यंत्र

या यंत्राचा इतिहासही खऱ्याखोट्या आवाजांनीच भरलेला आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली, ती कुठे हे कळेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने गोळी शोधण्यासाठी विजेचे वेटोळे असलेले यंत्र घाईघाईने तयार केले. इतरत्र ते नीट चाले, पण अध्यक्षांच्या अंगावरून फिरवताच जिकडे तिकडे आवाज येऊ लागला. अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या! त्यातच डॉक्टरांनी त्याला उजवी बाजूच तपासू दिली, कारण गोळी तिथेच आहे अशी त्यांची खात्री होती. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

गेर्हार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या इंजिनिअरचे नशीब याच्या उलट. रेडिओच्या साहाय्याने दिशा दाखवणारी त्याची यंत्रे काही भागांत चुकीची दिशा दाखवत. दुसऱ्या कोणी ती चूक दुरुस्त करून विषय संपवला असता. फिशरने विचार केला, की जमिनीतली धातुखनिजे रेडिओलहरी वळवत असतील तर त्या चुकीवरूनच खनिजे शोधता येतील. १९३७ मध्ये त्याला धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळाले. एकाचा गोंगाट दुसऱ्याचे सोने ठरला तो असा.

आपल्याकडे हे यंत्र घेऊन गुप्तधनाच्या मागे लागणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे. संरक्षित किल्ल्या-लेण्यांच्या परिसरात खणणे हा तर गुन्हाच. व्हिक्टोरियातही मोकळे रान नाही. तिथे 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो. १८५४ मध्ये बॅलारॅटच्या खाणकामगारांनी जाचक परवाना शुल्काविरुद्ध युरेका येथे बंड केले. त्यात माणसे मेली आणि पुढच्या वर्षी हा नवा, स्वस्त परवाना आला. आज तो दहा वर्षांसाठी मिळतो. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवणे ही त्याची अट.

जिथे खणणे टाळता येत नाही

सोने शोधणाऱ्याची चूक झाली तर फार तर एक खडा मातीत राहतो. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक या देशांत हाच प्रश्न भूसुरुंग काढणाऱ्यांपुढे येतो. तिथली जमीनही पुष्कळ ठिकाणी लाल, लोहाने भरलेली. आणि काही सुरुंग असे, की प्लास्टिकच्या कवचात धातू नावाला, ग्रॅमभरही नाही. म्हणजे शोधायचा आहे तोच तुरीच्या दाण्याहून लहान आवाज, तशाच गोंगाटात. सोन्यासाठी मातीचा आवाज वजा करण्याचे जे तंत्र निघाले, तेच पुढे सुरुंगशोधक यंत्रांत वापरले गेले. मिनलॅबनेच अशी यंत्रे बनवली.

तिथे काम सुरू करण्यापूर्वी मातीचीच परीक्षा घेतात. ठरावीक जुळवणी केलेला डिटेक्टर जमिनीच्या किती वर धरला तरी माती त्याला वाजवते, ती उंची मोजतात आणि त्यावरून कोणते यंत्र इथे भरवशाचे ते ठरवतात. मग माणूस गुडघ्यांवर बसून पुढे सरकतो. यंत्र वाजले, की उलटतपासणी असते ती फक्त जागा नेमकी ठरवण्यापुरती. 'सोड रे, माती आहे' हा निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही. एका सुरुंगामागे खिळे, पत्रे, काडतुसांचे तुकडे असे शेकडो खोटे आवाज निघतात, आणि प्रत्येक आवाज बाजूने, अलगद, इंच इंच माती काढत उकरावा लागतो. त्याच्या ठरावीक वेळाने सक्तीने विश्रांती असते, ती कानासाठी आणि मनासाठी.

दिवसभरात सतरंजीएवढी जमीन मोकळी होते, कधी तेवढीही नाही. संध्याकाळी त्या तुकड्याच्या कडेने खुंट्या ठोकतात. पुढच्या हंगामात तिथे कोणीतरी भात लावणार असते आणि त्याची मुले बांधावरून अनवाणी धावणार असतात.